अठरा दिवस, चार तास, चोपन्न मिनिटं

दोन जूनला सकाळी मी आईला विचारलं, "चहा टाकू का?" आणि तिने उत्तर दिलं नाही.

ती माझ्या समोरच होती. टेबलावर जाड निळं कापड पसरलेलं, त्यावर तंबोऱ्याच्या भोपळ्याएवढी गोल खडूची रेघ. माझी आई गवसण्या शिवते, म्हणजे सतार-तंबोऱ्यावर घालायच्या कापडी खोळी. मिरजेत वाद्यं बनवणारे लोक तिला मापं पाठवतात. कात्री चालवताना तिला मध्येच बोलवलेलं आवडत नाही, म्हणून मी थांबले. पण तिनेही कात्री थांबवली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हां, आता बोल," ती म्हणाली.

"चहा."

"टाक की. आणि किती वाजले सांग. मिनिटासकट."

"नऊ चाळीस. कशाला?"

तिने मापांची वही घेतली, शेवटचं पान उघडलं आणि काहीतरी लिहिलं. चहाचं आधण ठेवून मी परत आले आणि वही ओढली. पानावर चार ओळी होत्या.

३ मार्च, सकाळी ९.१०. चार सेकंद.
२१ मार्च, दुपारी २.०४. चार सेकंद.
८ एप्रिल, संध्याकाळी ६.५८. चार सेकंद.
२ जून, सकाळी ९.४०. चार सेकंद.

"हे काय आहे?"

"कान जातो. परत येतो."

"आणि तू मला तीन महिने सांगितलं नाहीस?"

"चार सेकंदांत काय सांगायचं? दारात आलेला माणूस तेवढ्यात पळून जात नाही." मग वही मिटता मिटता ती हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले की नस वाळत चालली, तर? परत डोकं उघडायचं नाही मला, ओजू."

आठ वर्षांपूर्वी क्षयाच्या इंजेक्शनांनी आईचे दोन्ही कान गेले. इंजेक्शनांनी जीव वाचला, कान गेले. पुढची दोन वर्षं ती आमच्या ओठांवरून बोलणं ओळखायची. मी तेव्हा शाळेत होते आणि फार भराभर बोलायचे. त्यानंतर तिच्या उजव्या कानामागे, कातडीखाली, सुपारीएवढं यंत्र बसवलं. ते आवाज पकडतं, त्याचे विजेचे झटके बनवतं आणि थेट नसेला देतं. जुनी यंत्रं रात्री काढून ठेवावी लागायची. हे कायम आत असतं, कायम चालू असतं.

ते यंत्र जो प्रोग्रॅम चालवतं तो 'नितळ' नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. मी त्या भाषेच्या कंपायलरवर काम करते, आणि या कामात आले तीच आईच्या कानामुळे.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा सूचनांत उतरवणारा प्रोग्रॅम. नितळचा कंपायलर कोणा एका कंपनीचा नाही. तो उघडा आहे. कोणीही वाचावा, कोणीही बदल सुचवावा. नितळ ही फंक्शनांची भाषा आहे. तिच्यातलं प्रत्येक फंक्शन एक साधं वचन पाळतं: तेच आत दिलं तर तेच बाहेर येईल, आणि मधल्या मध्ये दुसऱ्या कशालाही हात लागणार नाही. असं वचन असलं की कंपायलरला मोठी मोकळीक मिळते. हे आधी करा, ते नंतर, हे दोनदा करण्याऐवजी एकदाच. उत्तर बदलत नाही, एवढं सिद्ध केलं की झालं.

सहा वर्षांपूर्वी ते सिद्ध करायचं कामही यंत्राकडे गेलं. आम्ही त्याला सिद्धक म्हणतो. सिद्धक स्वतःच बदल शोधतो, स्वतःच पुरावा लिहितो, आणि तो पुरावा दुसरं एक छोटं यंत्र ओळ न ओळ तपासतं. आजवर एकही पुरावा चुकलेला नाही. त्यामुळे नितळमध्ये लिहिलेल्या यंत्रांना नवा कंपायलर आला की चाचण्यांसाठी वर्षभर थांबावं लागत नाही. धरणाचे दरवाजे, इन्सुलिनचे पंप, आईसारखे एक लाख साठ हजार कान, सगळीकडे बदल थोड्या दिवसांत पोचतो.

माणसाचं काम एकच उरलं आहे. प्रत्येक बदलावर दोन माणसांनी 'वाचलं' अशी सही करायची. आणि सहीबरोबर बदल काय करतो याची टीप लिहायची, स्वतःच्या मातृभाषेत, कुठल्याही यंत्राची मदत न घेता. हा दंडक जुना आहे. पूर्वी लोक इंग्रजीत लिहायचे आणि सिद्धकाचीच वाक्यं उतरवून काढायचे. आईच्या भाषेत ते जमत नाही, असं दंडक करणाऱ्यांना वाटलं असावं. दुसरी सही करणाराही त्याच भाषेचा लागतो. मराठीत आम्ही दोघंच आहोत, मी आणि मुजावर सर.

इलाही मुजावर सर मला तंत्रनिकेतनात शिकवायला होते. नितळच्या पाच पालकांपैकी ते एक. पालक म्हणजे कुठला बदल घ्यायचा, कुठला नाही, हे शेवटी ठरवणारी माणसं. त्यांचे डोळे थकले होते, आणि आपल्या जागी त्यांनी माझं नाव सुचवलं होतं. मतदान आठ जूनला होतं.

चहा गार होईपर्यंत मी आईच्या चार ओळींकडे बघत बसले. पहिल्या दोन नोंदींतलं अंतर अठरा दिवस, चार तास, चोपन्न मिनिटं. दुसरी आणि तिसरी: अठरा दिवस, चार तास, चोपन्न मिनिटं. तिसरी आणि चौथी बसत नव्हती. मग तिप्पट करून पाहिलं, आणि बसली. मधल्या दोन वेळा रात्री अकरा बावन्नला आणि पहाटे चार शेहेचाळीसला येत होत्या. आई झोपलेली होती.

"नस वाळत नाही," मी म्हणाले. "नस इतकी वक्तशीर नसते."

"मग?"

"काहीतरी भरतंय. भरलं की यंत्र स्वतःला बंद करून परत सुरू करतं."

मी मागे मोजत गेले. तीन मार्चच्या आधी अठरा दिवस, चार तास, चोपन्न मिनिटं म्हणजे तेरा फेब्रुवारी, पहाटे चार सोळा. यंत्राच्या नोंदी आईच्या फोनवर असतात. तेरा फेब्रुवारीला पहाटे चार सोळाला नव्या कंपायलरने बांधलेला प्रोग्रॅम तिच्या कानात उतरला होता.

शरीरात बसवलेल्या यंत्राचा प्रोग्रॅम उघडा ठेवायचा असा आता कायदा आहे, त्यामुळे तो मला मिळाला. माझ्या संगणकावर मी खोटा कान बनवला आणि त्याला भरभर चालवलं. अठरा दिवस वीस मिनिटांत. मेमरीचा आलेख वरवर जात होता, फुटपट्टीने आखल्यासारखा. दर सेकंदाला चार बाइट.

कुठून, ते शोधायला दोन दिवस लागले. प्रोग्रॅममध्ये एक छोटी बेरीज होती. आजूबाजूला किती गोंगाट आहे तो आकडा दर सेकंदाला आधीच्या बेरजेत मिळवायचा. वर्षातून एकदा डॉक्टर ती बेरीज वाचतात. नव्या कंपायलरने पाहिलं की डॉक्टर विचारीपर्यंत ही बेरीज कोणालाच लागत नाही. मग दर सेकंदाला वीज का खर्च करा? त्याने आकडे नुसते रांगेत उभे केले. विचारलं की एकदम बेरीज करू. उत्तर तेच येणार होतं, पुरावा अगदी बरोबर होता. फक्त ती रांग कानात मावत नव्हती. रिकामी मेमरी सहा एमबी, दर सेकंदाला चार बाइट. भागाकार मी कागदावर केला. अठरा दिवस, चार तास, चोपन्न मिनिटं.

बदलाचा क्रमांक होता ४०७१६. खाली दोन सह्या होत्या. पहिली दहा फेब्रुवारीची. ओजस्वी मगदूम, मराठी.

ती सही मला आठवत होती. त्या दिवशी एकतीस बदल थांबले होते आणि मला सहीचा हक्क मिळून जवळजवळ तीन वर्षं झाली होती. पुरावा अकराशे चाळीस पानांचा होता. मी चाळीस पानं वाचली. वेगाचं सर कौतुक करायचे. आदल्या आठवड्यात म्हणाले होते, पोरीने माझं दोन महिन्यांचं साचलेलं संपवलं.

मी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"सर, तुम्ही पुरावा वाचला होता का?"

"मी तुझी टीप वाचली होती," ते म्हणाले. "तुझ्या टिपा चांगल्या असतात."

बदल मागे घ्यायचा तर पहिल्या सहीवाल्याने एका प्रश्नाचं उत्तर लिहावं लागतं. प्रश्न छापीलच आहे: तेव्हा तुम्हाला काय समजलं नव्हतं?

"काय लिहू?"

"लिही की, पुढे ढकललेल्या कामाला जागा लागते हे लक्षात आलं नाही. खरंच आहे ते."

"खरं आहे. पण मी वाचलंच नव्हतं, सर."

"ओजस्वी, आठ तारीख तीन दिवसांवर आली. न वाचता सही केली असं लिहिलंस की सहा महिने हक्क जाणार. पालक वगैरे विसरायचं. आणि जोडीदार नाही म्हणून माझीही सही बंद. मराठीचा रकानाच बंद. कशासाठी? दुरुस्ती तर तू करतेच आहेस."

"म्हणजे खोटी टीप लिहू?"

"खोटी नको. आखूड लिही."

संध्याकाळी मी दोन ओळी लिहिल्या. आखूड, आणि अक्षर न अक्षर खऱ्या. पाठवल्या नाहीत. आई दोरी ओवत होती, गवसणीच्या तोंडाला लागते ती. तिने विचारलं, "सापडलं का?"

"सापडलं."

"कोणाचं चुकलं?"

मी म्हणाले, "माझं." आणि पुढे बोलणार तोच ती म्हणाली, "असू दे की. सापडलं ना."

"आई, ऐक तरी..."

"असू दे म्हटलं ना. जेवायला काय करू?"

ही तिची जुनी सवय आहे. कोणी माफी मागायला लागलं की ती स्वयंपाकाकडे वळते. पण त्या संध्याकाळी ती दारात थांबली.

"फेब्रुवारीतली का? दहा तारखेची?"

मला कळेना हिला कसं माहीत.

"तुझ्या टिपा मी वाचते," ती म्हणाली. "सगळ्या. मराठीत असतात म्हणून वाचता येतात. सगळं कळतं असं नाही. पण तू प्रत्येकीत काहीतरी घरातलं घालतेस. कधी चाळण, कधी रेशनची रांग. एकदा आपल्या वरच्या टाकीचं लिहिलं होतंस. त्या दहा तारखेच्या टिपेत घरातलं काहीच नव्हतं. बातम्यांत बोलतात तसली होती. मला वाटलं, बरं नसेल पोरीला."

मी ती टीप उघडली. 'या बदलामुळे अनावश्यक गणनांचे नियोजन सुधारते व विजेची बचत होते. अर्थ कायम राहतो.' शब्द मराठी होते. पण वाक्य सिद्धकाचं होतं, मी फक्त त्याला लुगडं नेसवलं होतं.

मी दोन ओळी पुसल्या आणि नवी टीप लिहिली.

'ताट लागेल तेव्हाच घासायचं असं ठरवलं तर पाणी वाचतं, आणि वाढायच्या वेळी ताट स्वच्छच मिळतं. सिद्धकाने एवढंच सिद्ध केलं, आणि ते बरोबर आहे. तोवरची उष्टी ताटं ठेवायला मोरी केवढी आहे, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. ते विचारणं माझं काम होतं. तेव्हा मला काय समजलं नव्हतं? काहीच नाही. मी अकराशे चाळीस पानांपैकी चाळीस वाचली आणि सही केली. हा बदल माझ्या आईच्या कानात आहे. ती दर अठरा दिवसांनी चार सेकंद बहिरी होते. आणखी एक लाख साठ हजार माणसंही होत असतील. त्यांच्यापैकी काही जण त्या वेळी रस्त्यात असतील.'

पाठवली. आता दुसऱ्या सहीवाल्याचं उत्तर यायला हवं होतं. ते रात्रभर आलं नाही.

सकाळी सर स्वतःच दारात उभे. पायात चपला तशाच.

"वहिनी, चहा नको," ते आईला म्हणाले, आणि मग खुर्चीवर बसले. "टीप आखूड लिही म्हटलं होतं."

"जमली नाही, सर."

"दिसलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं पोरांना सांगितलं, मोजल्याशिवाय आकडा लिहू नका. आणि काल फोनवर काय बोललो मी." थोड्या वेळाने म्हणाले, "मी पण माझं लिहिलंय. निघताना पाठवलं. बघ."

मी पाहिलं. सरांची टीप माझ्याखाली आली होती. 'मी पुरावा वाचला नाही. टीप वाचली. टिपेत उदाहरण नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. तरी सही केली. इ. मुजावर.'

"तुमच्याही लक्षात आलं होतं?"

"तीन वर्षं वाचतोय तुझ्या टिपा."

"मला पण वाटलं होतं तसं," आई म्हणाली.

"वहिनी, मग तुम्हीच सही करायची होती की दुसरी."

"मला कोण विचारतंय," आई म्हणाली, आणि विचारलं नसतानाही चहा टाकला.

सर सांगत होते तसंच झालं. आमच्या दोघांचे हक्क सहा महिने थांबले. प्रकल्पाच्या पानावर भाषांची जी यादी आहे तिच्यात मराठी करड्या रंगात गेली. पालक म्हणून एस्टोनियाची एक बाई निवडून आली. तिने पहिल्याच दिवशी सिद्धकाला विचारायच्या प्रश्नात एक ओळ वाढवली: उत्तर तेच येतं का, आणि किती जागेत?

ज्याची मला कल्पना नव्हती ते वेगळंच होतं. आमच्या टिपांखाली आणखी टिपा यायला लागल्या. पहिली तुर्कीत होती. मग इग्बो, पोलिश, कन्नड. कन्नड सरांना येतं, त्यांनी फोनवर वाचून दाखवली: अमुक क्रमांकाच्या बदलावर माझी सही आहे, मी तो वाचला नव्हता, आता वाचते आहे. आठवड्यात तेवीस बदल मागे घेतले गेले. नितळ दोन टक्क्यांनी हळू झाली. जगात कुठेतरी काही पंखे, काही पंप किंचित जास्त वीज खाऊ लागले असतील. रोज सही होणारे तीसेक बदल आता पाच-सहावर आले आहेत, कारण लोक वाचतात, आणि वाचायला वेळ लागतो.

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम सतरा जूनला आईच्या फोनवर आला. 'आत्ता घ्या' आणि 'नंतर', अशी दोन बटणं. आईने 'नंतर' दाबलं.

"हे काय?"

"तुझ्या हिशेबाने पुढची वेळ कधी?"

"वीस जून. दुपारी दोन चौतीस."

"मग बघू दे की खरं होतंय का. चार वेळा मला न सांगता आलं. एकदा सांगून येऊ दे."

मला नाही म्हणता आलं नाही. शास्त्रात हेच करतात, भाकीत करायचं आणि वाट बघायची. फक्त त्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

वीस तारखेला दुपारी ती टेबलाशी बसली, हातातलं काम बाजूला ठेवून. निळी गवसणी शिवून झाली होती. घडी घालून ठेवली होती, तंबोरावाले संध्याकाळी न्यायला येणार होते. मी समोर बसले. मध्ये माझा फोन, सेकंदकाटा दिसेल असा. दोन तेहेतीस झाले.

"घाबरलीस का?" मी विचारलं.

"छे. उलट बरं वाटतंय. माहीत असलं की..." ती म्हणाली आणि थांबली. तिची नजर बदलली. दोन चौतीस आणि अकरा सेकंद.

चार सेकंद लहान असतात, पण मी ते आधीच मोजून ठेवले होते. गेले पंधरा दिवस मी तोंड उघडलं की ती असू दे म्हणायची. आता तिला मला अडवता येणार नव्हतं. मी बोलले. आवाज काढला की नाही, मला आठवत नाही.

"माझ्यामुळे झालं, आई. मी वाचलं नव्हतं. चुकलं माझं."

बाहेर एक रिक्षा वळली. तिचा हॉर्न वाजला आणि आईने मान किंचित तिकडे वळवली. कान परत आला होता.

"दोन चौतीस," ती म्हणाली. "बरोबर निघालं तुझं."

"अकरा सेकंदांचा फरक पडला."

"तेवढं चालतं. कापड पण धुतल्यावर आटतं."

तिने फोन उचलून 'आत्ता घ्या' दाबलं. मग मापांची वही घेतली आणि शेवटच्या पानावर लिहायला लागली. मला वाटलं, आधीच्या चार ओळींसारखीच पाचवी ओळ असेल. लिहून झाल्यावर तिने वही माझ्याकडे सरकवली आणि दुसऱ्या गवसणीला दोरी लावायला घेतली.

२० जून, दुपारी २.३४. चार सेकंद. ओजू बोलली. भराभर बोलली, तरी सगळं कळलं.